लेकीच्या घरचा चहा

आखाडा बाळापूर
९ नोव्हेंबर १९७६

मंजुळा,

हे पत्र तूच फोडलंस असं धरून लिहिते. व्यंकटरावांनी फोडलं असेल तर जावयांना आशीर्वाद. भिकाबाईंनी फोडून कुणाकडून वाचून घेतलं असेल तर विहीणबाईंना नमस्कार, आणि पुढचं लेकीला वाचू द्या.

मी बरी आहे. मशीन चालू आहे. दुकानावरची तुझ्या आबांच्या नावाची 'संतराम टेलर' ही पाटी काढून टाक असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी काढणार नाही. गडीमाणसांची कापडं येणं मात्र कमी झालं. बाईनं माप घ्यायचं म्हणजे ते लाजतात, श्वास कोंडून उभे राहतात, आणि मग सदरा सैल झाला म्हणून तक्रार करतात. पोलकी, परकर, लेकरांची झबली-सदरे येतात. तेवढं मला पुरतं.

गडीमाणसांत न लाजणारा एकच, तांड्यावरचा रतनसिंग. फौजेतून परत आला आहे. परवा पायजम्याचं कापड घेऊन आला. मी चहा ठेवला होता, शेजारची कमलबाईही येऊन बसली होती. रतनसिंगानं बशी तोंडाला लावली आणि म्हणाला, "मावशे, मी होतो तिकडं लडाखात चहात मीठ घालतेत."

"मीठ?"

"मीठ आन् लोणी. लाकडाच्या नळकांड्यात घालून घुसळतेत, आपण ताक घुसळतो तसं."

कमलबाई म्हणाली, "मग त्याला चहा काहून म्हणतेत? कढी म्हणा की."

"वयनी, तिथल्या थंडीत तुमीबी ती कढी मागून मागून प्याल."

मग त्यानं सांगितलं की तिथं पाहुण्याचा पेला रिकामा राहू देत नाहीत. एक घोट घेतला की लगेच भरतात. उठायचं असेल तेव्हाच शेवटी पुरता प्यायचा. "मला ही रीत कुटं म्हाईत? म्हातारी भरायची, मी प्यायचो. मी प्यायचो, म्हातारी भरायची. दोघंबी हट्टाला पेटलो. पोट फुटायची पाळी आली तवा साहेबानं सांगितलं, गधड्या, भरलेला पेला तसाच ठेव."

मी इतकी हसले की खडूची रेघ वाकडी गेली. रतनसिंगाच्या पायजम्याचा एक पाय आता घोट्याशी थोडा अरुंद होणार आहे. त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर वाचनालयात गेले. अमृतराव गुरुजी संध्याकाळी ते उघडतात. देशोदेशीच्या चहाबद्दल काही आहे का असं विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एक कव्हर गेलेलं पुस्तक काढून दिलं. निरनिराळ्या देशांच्या चालीरीतींचं आहे. पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे कुणी लिहिलं ते कळत नाही. चहावर मोठं प्रकरण आहे. रोज थोडं वाचते.

हे सगळं तुला का लिहिते? दुसरं जे लिहायचं आहे त्याला हात उचलत नाही म्हणून. तू हिंगोलीला स्टेशनाजवळ, एस.टी.नं दीड तासावर राहतेस. आबांचं तेरावं झालं त्या दिवशी गाडीत चढताना म्हणालीस, "माय, आता माझ्या घरी येऊ नको. आलीस तरी टेशनावरच चहा पिशील. मग तिथूनच माघारी जा." त्यानंतर दीड वर्षात तुझी चिठ्ठी नाही.

मला यायचं आहे. एवढंच आज लिहिते.

तुझी माय

·

आखाडा बाळापूर
२८ नोव्हेंबर १९७६

मंजुळा,

उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज दुकानावरून जातो आणि लांबूनच मान हलवतो. आता मी त्याच्याकडे बघणं सोडलं, तर काल तोच थांबून म्हणाला, "द्वारकाबाई, आज बघितलं न्हाई काहून? आज बी काई न्हाई, पण बघत तर जा."

पुस्तकाचं सांगते. जपानात चहा देण्यासाठी वेगळी खोली असते. तिचं दार मुद्दाम एवढं बुटकं ठेवतात की आत जाणाऱ्याला वाकावंच लागतं. मोठा सरदार असला तरी तलवार बाहेर ठेवायची आणि रांगत आत शिरायचं. मी हे कमलबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघराचं दार बी तसलंच हाय. माझं कपाळ चार बारीला फुटलं. मला न्हाई कुणी जपानी म्हणलं."

इंग्रज लोक पेल्यात दूध आधी घालावं की चहा आधी, यावर भांडतात. रशियात चहाबरोबर मुरंबा चमच्यानं खातात, आणि पाणी उकळायला पितळेचं मोठं भांडं असतं, आपल्या बंबासारखं, खाली निखारे, बाजूला तोटी. मोरोक्को म्हणून देश आहे, तिथं पुदिन्याचा चहा उंचावरून ओततात. पाहुण्यानं तीन पेले घ्यायचे. नको म्हटलं तर घरधन्याचा अपमान होतो. ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आम्ही दोघं तिथं गेलो असतो तर पहिल्याच घरातून हाकलून दिलं असतं.

तुला आठवतं का, मी वाचायला कशी शिकले? आबा जुन्या वर्तमानपत्रांवर बेतायचे. बाहीचा कागद, गळ्याचा कागद, पाठीचा कागद. मी ते खुंटीला अडकवून ठेवायची आणि अडकवता अडकवता अक्षरं बघायची. हळूहळू लागायला लागली. पण बातमी कधी पुरी मिळायची नाही. अर्धी बाहीवर, अर्धी कात्रीनं गेलेली. कुठं पूर आला, तो ओसरला की नाही, काही कळायचं नाही. त्यामुळे मला अजून पुस्तकाचं पान उलटलं की पुढची ओळ तिथंच आहे याचं नवल वाटतं.

दुपारचा चहा मी अजून तसाच करते. एक कप. आबा कपातून प्यायचे, मी बशीतून. आता बशी पिऊन होते आणि कप समोर राहतो. मग तोही मीच पिते. बशी आधी आणि कप नंतर, हे मात्र बदललेलं नाही.

पूर्ण प्रकरण वाचून झालं. कुठल्या देशात किती पेले, कुठल्या हातानं, बसून की उभ्यानं, सगळं आहे. आई-बापानं लेकीच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हे कुठल्याच पानावर नाही. गुरुजींना विचारलं, पान गळलं आहे का? ते म्हणाले, "न्हाई बाई, ते प्रकरण बराबर पुरं हाय."

माय

·

आखाडा बाळापूर
१९ डिसेंबर १९७६

मंजुळा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं लांबूनच हात वर केला आणि येता येता वाचूनही टाकलं. "लेक बरी हाय. रशियात खरंच मुरंबा खातेत का, जावई विचारून राहिले." मी म्हटलं, "आता तूच उत्तरही लिही." कार्डावर तुझ्या हातच्या दोनच ओळी. त्या मी मशीनच्या फळीवर समोर ठेवल्या आहेत.

व्यंकटरावांना सांग, पुस्तकात तसं छापलं आहे. मी काही रशियाला जाऊन आले नाही.

आता मूळ गोष्ट लिहिते. तू दोन ओळी लिहिल्यास, मला आता गप्प बसता येत नाही.

साडेतीन वर्षं झाली असतील. आबा आणि मी हिंगोलीला दोरे-बटणं घ्यायला आलो होतो. तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरला आलो. तू आलं ठेचून चहा ठेवला होतास, फाटकातूनच वास आला. आबा ओसरीवर बसले, आणि तू कपबशा घेऊन आलीस तेव्हा म्हणाले, "न्हाई बाई. रीत हाय." तू कप धरून उभी राहिलीस. आम्ही उठलो आणि रूळ ओलांडून फलाटावरच्या स्टॉलवर जाऊन चहा प्यालो. तू दारातून बघत होतीस हे आम्हाला दिसत होतं.

पुढचं तू पाहिलंस ते असं, की तुझे आबा स्टॉलवरून तिसरा कप विकत घेऊन तुझ्यासाठी आले. आणि तू तो त्यांच्यासमोर लिंबाच्या बुडात ओतून दिलास.

मी पाहिलं ते सांगते. त्यांचा चहा पिऊन झाला, आणि ते तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "पोरगी आपल्यापायी चहा करून बसली, आता एकटी काय पिणार हाय ती? आपण तिच्या घरचं घेऊ नये असं हाय. तिनं आपलं घेऊ नये असं तर कुटं हाय?" त्यांना वाटलं त्यांनी वाट काढली. स्टॉलवाला कप बाहेर नेऊ देईना. त्याच्याकडे टोपी ठेवली आणि कप घेतला. रूळ ओलांडताना मालगाडी आली. तो भरलेला कप धरून ते उभे राहिले, डबे मोजल्यासारखे बघत. अंगठ्यावर चहा सांडत होता, हात बदलेनात. मला तर हसू येत होतं. बिनटोपीचा माणूस, हातात कप, आणि तोंडावर अशी खुशी की जणू तुझ्या बारशाला निघालाय.

तू ओतलास. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. कपही मीच परत नेऊन दिला आणि टोपी घेऊन आले.

आम्ही एस.टी.नं माघारी निघालो. कळमनुरीला गाडी थांबली, लोक चढले-उतरले, तेव्हा आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ओतला तिनं. बराबर केलं." मी म्हटलं, "मग पुढच्या खेपेला प्या की तिच्या घरी." ते म्हणाले, "एक नातू होऊ दे. मग रोज जाऊन बसतो तिच्या ओसरीवर. हाकललं तरी उठत न्हाई." लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं घ्यायचं नाही, माझ्या आईनं हेच पाळलं होतं. तिच्या आईनंही. पण मला वर्षभरात तू झालीस, तेव्हा माझ्या आईचं पाळणं वर्षाचंच होतं. तुझ्या लग्नाला आता नऊ वर्षं होऊन गेली.

मंजुळा, मी संक्रांतीनंतर हिंगोलीला येणार आहे. तुझ्या घरी बसून तुझ्या हातचा चहा पिणार आहे. ये म्हण.

माय

·

आखाडा बाळापूर
१२ जानेवारी १९७७

मंजुळा,

तुझं पत्र वाचलं. ते असं येईल असं मला वाटलं नव्हतं.

मला वाटलं होतं तू रागावून राहिली आहेस की माय माझ्या घरचं घेत नाही. आणि मी घेते म्हटल्यावर तू लिहितेस, नको घेऊ. "तू पीत नव्हतीस तेव्हा राग यायचा, पण मनात म्हणायची, माय थांबली आहे म्हणजे तिला अजून वाटतं की मला लेकरू होईल. आता तू चहा प्यालीस की मी काय समजायचं? की माझ्या मायनंही हिशोब मिटवला. गावात कुणी काही म्हणो, तू तसं केलेलं मला सोसणार नाही."

हे मला कधी सुचलं नव्हतं. चार दिवस नुसती मशीनवर बसले. एका पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. ती बाई घालून आली आणि म्हणाली, "द्वारकाबाई, माझा हात पाठीकडं वळून राहिला."

कमलबाईला सगळं सांगितलं. तिचं म्हणणं वेगळंच. "रीत मोडू नको. उद्या काही वाईट झालं तर तुझ्या माथी येईल. लेकच नको म्हणून राहिली तर तुला कशाची घाई?" मी म्हटलं, "मी पन्नास वर्षांची हाय." मग तिनंच आमच्या दोघींचा चहा केला.

आता माझं ऐक. आशा मी सोडलेली नाही. ती कशाला सोडू? तिला काही खायला घालावं लागत नाही, ती आपली कोपऱ्यात बसून असते. लेकरू झालं तर मी टोपडी शिवीन, आणि नाही झालं तरी माझी लेक आहेच. मी आजी व्हावं म्हणून तुला जन्म दिला नव्हता. तुझ्या जन्माच्या वेळी मी सतरा-अठरा वर्षांची होते. तेव्हा नातवाचा विचार कुणाच्या डोक्यात होता? तुझं डोकं मोठं आहे एवढाच विचार होता.

आणि आबांचं आठव. शेवटच्या आठ दिवसांत त्यांना काही गिळवत नव्हतं. तू आलीस, माझ्या चुलीवर कोरा चहा केलास आणि चमच्यानं पाजलास. ते घेत होते. माझ्या हातून घेत नव्हते, तुझ्या हातून घेत होते. तो चहा तुझ्याच हातचा होता ना? मग तो का चालला? चूल माझी होती म्हणून. हात तोच, पत्ती तीच, बापही तोच. फक्त भिंती वेगळ्या. मी हे पुष्कळ वेळा उलटंपालटं करून पाहिलं. त्या रीतीला धरून बघितलं तरी मला त्यात अक्कल सापडत नाही. आधीच्या माणसांना सापडली असेल. लेकीच्या सासरी जाऊन बापानं ठाण मांडू नये, तिच्या संसारावर भार होऊ नये, असं काही असेल. मी भार व्हायला येत नाही. एक कप प्यायला येते.

पुस्तकात चीनचं आहे. तिथं लग्नाच्या दिवशी नवरी गुडघे टेकून थोरांना चहा देते. सासू-सासऱ्याला देते, आणि घरातून निघताना स्वतःच्या आई-बापालाही देते. ते पितात, तेव्हा लग्न लागलं असं धरतात. लेकरं व्हायच्या आधी. लेकरांचा त्यात संबंधच नाही. चहा लेकीचा असतो.

आबा थांबले, आणि थांबता थांबता गेले. त्यांना मी दोष देत नाही. पण मीही तशीच गेले तर तुला काय राहील? दोन माणसं तुझ्या दारातून चहा न पिता गेली, एवढंच ना? ते मला सोसणार नाही.

तू नको म्हणालीस, तरी येणार आहे. तीस तारखेला रविवार आहे, सकाळच्या गाडीनं निघते. दार लावलंस तर ओसरीवर बसेन. तू केलेला चहा तू पुन्हा लिंबाच्या बुडात ओतलास तर दुसरा होईपर्यंत बसेन. आबांचा स्वभाव मऊ होता, माझा नाही, हे तुला ठाऊक आहे.

माय

·

आखाडा बाळापूर
४ फेब्रुवारी १९७७

मंजुळा,

सुखरूप पोचले. एस.टी.त जागा मिळाली. तू बांधून दिलेली हळद कमलबाईला अर्धी दिली, तिनं हिंगोलीची हळद म्हणून वास घेतला आणि डब्यात ठेवली.

मला तुला त्या दिवशीचं लिहायचं आहे. तू तिथं होतीस, पण सगळं तू पाहिलेलं नाहीस.

मी फाटकाशी आले तेव्हा तू दारातच होतीस. तू नुसतं "ये" म्हणालीस. बरी आहेस का नाही, प्रवास कसा झाला नाही, नुसतं ये. पाण्याचा तांब्या ठेवलास. त्यातलं पाणी मी पायावर घेतलं, प्याले नाही. तुझा चेहरा पडला ते पाहिलं. मला आधी चहाच घ्यायचा होता, म्हणून तहान धरून ठेवली होती.

भिकाबाई खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "या विहीणबाई. ऐकलं, रीत मोडायला आलात."

मी म्हटलं, "व्हय. तुमची परवानगी असली तर."

"माझी कशाला पायजे? तोंड तुमचं, चहा तिचा. मी आपली बघायला बसले. या वयात दुसरा तमाशा कुटं बघायला मिळतो?"

तू आत स्टोव्ह पेटवत होतीस. पिन कितीदा घातलीस आणि काढलीस ते ऐकू येत होतं. मग दोन कप आणलेस, आमच्या दोघींच्या मधे ठेवलेस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला घागरी घासायच्यात." मागच्या दारी गेलीस. मंजुळा, घागरी मी येताना पाहिल्या होत्या. उन्हात पालथ्या घातलेल्या, नुसत्या चकाकत होत्या.

तू राख घेऊन त्या पुन्हा घासायला लागलीस. तेव्हा भिकाबाई खाटेवरून उतरून माझ्याजवळ खाली बसल्या. आवाज एवढा खाली आणला की मलाच वाकावं लागलं. त्या काय बोलल्या ते तुला माहीत नाही. व्यंकटरावांनाही माहीत असेल असं वाटत नाही.

"व्यंकट मला लई उशिरानं झाला. नवस केले, उपास केले, लोकांचं ऐकलं. माझी माय शिरडहून चालत यायची मला भेटायला. पदरात भाकर बांधून. माझ्या घरात बसून बोलायची, आन् भूक लागली की बाहेर जाऊन झाडाखाली खायची. मी दारात उभी. पोटात अन्न घालायला ती लेकीच्या घराबाहेर जायची. व्यंकट झाला तवा ती गेलेली होती." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या लेकीला मी कधी काई बोलले न्हाई, विचारा तिला. पण लेकीच्या घरी प्या, असं बी तुमाला कधी माझ्या तोंडातून निघालं न्हाई. आता प्या. निवून राहिला."

तू इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहतेस. त्या कधी काही बोलल्या नाहीत हे तूही मला सांगितलं होतंस. तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं.

मी चहा बशीत ओतला. आबांचं मनात आलं, पण वाईट वाटून नाही. एवढंच, की ते असते तर कप त्यांना गेला असता आणि बशी मला. मग मी बशी तोंडाला लावली आणि मोठ्यानं फुरका मारला. तुला मागच्या दारी ऐकू जावा असा. भिकाबाई दचकल्या. घागरीवरचा तुझा हात थांबला, ते मी ऐकलं. मी दुसरा फुरका मारला, पहिल्याहून मोठा.

तू राखेचे हात घेऊन दारात आलीस. मला म्हणालीस, "कसा झालाय?"

मी म्हटलं, "अजून हाय का पातेल्यात?"

तू हसायला लागलीस, आणि मग रडायला लागलीस, आणि राखेच्या हातानंच डोळे पुसलेस. तोंडावर तो पट्टा संध्याकाळपर्यंत होता. व्यंकटराव ड्यूटीवरून आले तेव्हा तुझ्याकडे बघून घाबरले, काय झालं म्हणून. भिकाबाई म्हणाल्या, "काई न्हाई झालं. विहीणबाई चहा प्याल्या."

रात्री आपण दोघी ओसरीवर पडलो होतो तेव्हा तू विचारलंस, "माय, अजून वाटतं का तुला?" मी व्हय म्हटलं. ते खरं होतं. आणि लेकरू झालं नाही तरी मी येतच राहीन म्हटलं, तेही खरं होतं. तू लगेच झोपलीस. लहानपणी झोपायचीस तशी, तोंड उघडं टाकून.

आता एक गोष्ट राहिली. त्या दिवशी तू स्वतः चहा घेतला नाहीस, नुसती माझ्याकडे बघत बसलीस, म्हणून तुला कळलं नाही. भिकाबाईंनी पहिला घोट घेतला आणि "अगं बया" एवढं त्यांच्या तोंडातून निघालं, तेव्हा मी त्यांचा पाय दाबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निमूट सगळा प्याल्या. त्या बाईबद्दल माझ्या मनात आता काही राहिलेलं नाही.

मंजुळा, तू साखर घालायची विसरली होतीस. दोन्ही कप, आणि मागून आणलेला माझा तिसराही. तेव्हा सांगितलं असतं तर तू तो ओतून देऊन दुसरा केला असतास. मला तोच हवा होता.

चैत्रात येते. तेव्हा साखर घाल.

तुझी माय